अर्थिंगच्या खड्ड्यातलं पाणी

उदगीर जिल्हा होणार, होणार म्हणून चौकात रोज चर्चा, आणि नळ मात्र कोरडा. त्या उन्हाळ्यात आमची विजेची गाडी घरी चार्ज होईना. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो असा.

गाडी हौसेची नव्हती. ह्यांच्या किडन्या गेलेल्या, डायलिसिसला लातूर गाठावं लागायचं. येताना हे मागच्या सीटवर आडवे. एसटीत ते जमत नाही हे एका फेरीतच कळलं, म्हणून रिटायर झाल्यावर मी गाडी शिकले. दुसऱ्या दिवशी सकाळी डायलिसिसची पाळी होती आणि बॅटरी लातूरपर्यंतही पुरणार नव्हती. पाळी चुकली की ह्यांच्या अंगावर सूज चढते, धाप लागते. मी ती चुकू देणार नव्हते.

भिंतीवरच्या चार्जरचा लाल दिवा लागलेला. वायर काढली, पुसली, परत लावली. लालच. घरात फ्रिज चालू, मिक्सर फिरतोय, फक्त हिचंच तोंड फुगलेलं. सर्व्हिसवाल्याला फोन लावला. त्यानं दिव्याचा रंग विचारला आणि म्हणाला, "मॅडम, गाडीला अर्थ भेटंना."

हे पलंगावरून हसले. "जन्मभर पोरांना कवितेचा अर्थ सांगितलीस, आन् घरच्या गाडीला सांगता येईना व्हय?"

"गप पडा तुम्ही," मी म्हणाले.

सर्व्हिसवाल्यानं समजावलं : अर्थिंगची तार जमिनीत जाते, तिथली माती ओली लागते. मिक्सरला त्याचं काही नसतं, पण गाडी त्याशिवाय करंट घेत नाही. मी मागच्या अंगणात जाऊन खड्ड्याचं झाकण उचललं. आत माती भेगाळलेली. पूर्वी न्हाणीचं पाणी तिथूनच वाहायचं. टंचाई लागल्यापासून मीच ते बादलीत धरून संडासाला वापरत होते. थेंब वाया जाऊ द्यायचा नाही, हा माझाच हेका. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

त्या दिवशीचं न्हाणीचं पाणी वापरून झालेलं. उरला होता पिण्याचा ड्रम, आणि पुढचा टँकर कधी येईल ते कुणालाच ठाऊक नव्हतं. लोक शिव्या देतील असं काम होतं. तरी मी बादली भरली, खड्ड्याशी नेली आणि तांब्या बुडवला. पण हात पुढं जाईना.

तेवढ्यात हे भिंतीला धरत आले. डॉक्टरांनी ह्यांचं पाणी मोजून दिलेलं. मी कितीदा तोंडाशी नेलेला पेला ह्यांच्या हातून काढून घेतला असेल. आज ह्यांनी माझ्या हातातला तांब्या घेतला आणि बादलीतलं पाणी तांब्यातांब्यानं, सावकाश खड्ड्यात ओतलं. माती ते पाणी पीत होती आणि हे बघत राहिले, भरल्या ताटाकडं उपाशी माणूस बघतो तसे.

"पी बाई," हे मातीला म्हणाले, "माझ्या वाटचंबी तूच पी."

मला रडू आलं. पण बादली संपली होती, म्हणून दुसरी भरून आणली.

थोड्या वेळानं दिवा हिरवा झाला. सकाळी आम्ही लातूरला निघालो.

त्यानंतर रोज न्हाणीचं थोडं पाणी खड्ड्यात जायला लागलं. ते हेच टाकतात, मला हात लावू देत नाहीत. म्हणतात, "तू माझं पाणी मोज. हिला किती द्यायचं ते मी बघतो."