ज्या गिअरात चढला त्याच गिअरात

ड्रायव्हर हिरालाल बिसेनला ट्रकमालकाचा हिशेब बघणारा भय्याजी मुनशी डोळ्यांसमोर नको असे आणि भय्याजीला हिरालाल. पंधरा वर्षं हिरालालने भिलाईचं लोखंड जगदलपूरला नेलं आणि येताना सालवृक्षाचं लाकूड आणलं. बायको गेलेली, गोंदियाकडची शेती भावांनी गिळलेली. जीव लावायला उरला तो मालकाचा ट्रक. भय्याजीला नेमका तोच ट्रक आपल्या भाच्याला, देवीदासला, द्यायचा होता.

निमित्त सापडलं डिझेलचं. केशकाल घाट उतरताना बाकीचे ड्रायव्हर घाटातल्या देवीमातेला नारळ फोडत, डिझेल वाचवायला इंजिन बंद करत आणि गाडी न्यूट्रलमध्ये खाली सोडून देत. मातेच्या भरवशावर! इंजिन बंद की ब्रेकची हवा संपत जाते, हे त्या शहाण्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. हिरालाल नारळ फोडी, पण गाडी गिअरातच ठेवी.

"ज्या गिअरात चढला त्याच गिअरात उतराचं," तो म्हणे. "रेसवरचा पाय उचलला का पंप डिझेल तोडतेच. मंग बंद करून कोनतं सोनं वाचते?"

"लेक्चर नोको देऊ," भय्याजी गुरकावला. "ह्या खेपेले मी संग बसतो. घाटात इंजिन बंद. नाई तं चाबी ठेव."

परतीच्या वाटेवर, घाटमाथ्याशी, भय्याजीने बोट दाखवून हुकूम सोडला. हिरालालचं डोकं फिरलं. घे म्हणावं! त्याने गाडी न्यूट्रलला टाकून इंजिन बंद केलं. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. लाकडाचं वजन मागून ढकलू लागलं आणि ब्रेकच्या हवेचा काटा खाली सरकला.

"चालू कर! हिरा, बापा, चालू कर!" भय्याजीने मांडीखालची सीट दोन्ही हातांनी आवळली होती.

वेग हाताबाहेर जायच्या आत हिरालालने गाडी गिअरात घातली. इंजिन गुरगुरलं, ट्रक सावरला.

भिलाईत उतरताच भय्याजीने मालकाला सांगितलं, ड्रायव्हर वेडा झाला, माझा जीव घेत होता. संध्याकाळी चावी देवीदासच्या खिशात गेली. हिरालालने शिव्या दिल्या, पण जाता जाता देवीदासला तेवढं गिअरचं सांगितलंच. तो पोरगा दात काढून हसला; घाटात इंजिन बंद, हा तर मामाचाच हुकूम होता.

महिन्याभराने हिरालालला दुर्गच्या बस स्टँडवर भय्याजी दिसला. हातात थैली, जगदलपूरच्या गाडीची वाट बघत घामाघूम उभा. हिरालाल मुद्दाम चार माणसांत जाऊन उभा राहिला.

"कावून भय्याजी? ट्रक तं आजच निघाला ना? सख्खा भाचा चालवून राहिला, अन् तुमी बसनं?"

भय्याजीने मान वळवली आणि आलेल्या बसमध्ये सगळ्यांच्या आधी घुसला.