जीपमधून पाहिलेलं वावर

माझा बाप सालदार होता. पाडव्यापासून पाडव्यापर्यंत एकाच मालकाच्या वावरात राबायचं, मग पुढच्या पाडव्याला पुन्हा तेच. माय दुसऱ्यांच्या वावरात तण निंदायला जायची. पावसाळ्यात ज्वारी संपत आली की कण्या आणि अंबाडीची भाजी, दोन्ही वेळा. मला शाळेत घातलं तेव्हा मालक बापाला म्हणाले होते, "पोरगं शिकून वावरात काय इंग्रजी पेरन काय?" बाप हसला. मालकाच्या बोलण्यावर हसणं हेही त्याच्या सालातच धरलेलं होतं.

मी बी.ए. झालो. आमच्या घरातला पहिला, आणि गावातल्या सालदारांच्या पोरांतलाही पहिलाच. याचा मला अभिमान होता, आजही आहे. पण त्या अभिमानात थोडा माजही मिसळला होता, आणि तो कुठे उतरला ते सांगायला हवं.

नवं राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. गावं वाढत होती. घरांना, शाळेला, गोदामाला जागा लागायची आणि ती निघायची वावरातूनच. म्हणून आमच्या तालुक्यात एक सल्लागार समिती नेमली गेली. गावठाण वाढवायचं तर पिकाची जमीन वाचवा आणि पडीक जमीन सुचवा, एवढंच तिचं काम. अध्यक्ष मोठे बागायतदार होते. त्यांच्या शेतात कधी काय पेरतात हे त्यांच्या दिवाणजीला ठाऊक. मला शिकलेला म्हणून घेतलं होतं. अक्षर चांगलं, त्यामुळे पाहणीचा अहवाल मीच लिहायचो.

देऊळघाटाकडच्या एका गावाची पाहणी भादव्यात होती. गावाला लागून तीन-चार वावरं होती, त्यांतलं कोणतं तरी एक घ्यायचं. शेतकी खात्याचा माणूस त्या दिवशी आला नव्हता. आठवडाभर पावसाची झड लागून गेलेली. जीप गाडवाटेवर उभी राहिली. दोन वावरांत कपाशी कमरेला लागत होती. मधल्या चार एकरांत पीक नाही, नुसतं हिरवं गवत.

अध्यक्ष जीपमधूनच म्हणाले, "हे पडीक दिसते. काय हो बी.ए.?"

मला शंका आली होती. हे मी आजवर फार थोड्या लोकांना सांगितलंय. आमच्याकडे काही वावरं पावसाळ्यात पेरतच नाहीत. वखरून वखरून मोकळी ठेवतात, ओल धरू देतात आणि दसऱ्यानंतर त्यात हरभरा नाहीतर गहू टाकतात. बापानं अशी किती वावरं वखरली असतील. खाली उतरून दहा पावलं गेलो असतो तर गवताखाली वखराचे तास दिसले असते. पण माझ्या पायात नवे बूट होते आणि काळी माती बुटाला सोडत नाही. शिवाय जीपमधल्या माणसांसमोर वाकून माती चाचपली, तर सालदाराचं पोर ते सालदाराचंच पोर, असं दिसलं असतं. मी म्हणालो, "हो, पडीकच." आणि तसं लिहिलं.

ते चार एकर गावठाणात घ्यायची नोटीस निघाली. आठ दिवसांनी एक बाई पायी आमच्या घरी आली. विधवा, पन्नाशीची. समितीत लिहिणारा माणूस या गावचा आहे, एवढं विचारत विचारत आलेली. ओसरीवर बाप बसला होता. त्यानं तिला पाणी दिलं.

ती मला म्हणाली, "बापू, माह्यं वावर पडीक कसं झालं? दोन पाळ्या वखरलं म्या. झडीनं गवत आलं, तिसरी पाळी राह्यली. तेवढंच वावर हाय मले. ते गेलं तं म्या पेरू कुठी?"

मी म्हणालो, "बाई, हरकत असेल तर अर्ज करा."

बापानं मला विचारलं, "वावरात उतरला होता का बे तू?"

"नाही."

"काऊन नाही उतरला?"

बापाची नजर माझ्या बुटांकडे गेली, मग तो तिच्याकडे वळून म्हणाला, "माह्या लेकाले वाचता येते, बाई. वावर वाचता येत नाही." तो हसत नव्हता.

सुनावणी तहसिलीत, तहसीलदार साहेबांपुढे होती. आत जाण्याआधी अध्यक्षांनी मला व्हरांड्यात बाजूला घेतलं. "लिहिलेलं फिरवलं तर समितीची काय पत राह्यली? बाईले दुसरीकडं जमीन देऊ. तुम्ही बोलू नका." दुसरीकडं म्हणजे मुरमाड टेकाडावर, हे दोघांनाही माहीत होतं. मी मान हलवली. हो, हलवली.

बाईनं आत फार भाषण केलं नाही. पदराच्या गाठीतून मूठभर हरभऱ्याचं बी काढून टेबलावर ठेवलं. "हे मांगच्या सालचं, त्याच वावरातलं. आता मले सांगा, तुमच्यातलं कोन वावरात उतरलं होतं?"

अहवाल वाचला गेला. माझं अक्षर, माझं वाक्य: 'सदर जमीन पडीक असून लागवडीखाली नाही.' साहेबांनी शेवटचं विचारलं, "समितीचं आणखी काही म्हणणं?" अध्यक्ष म्हणाले, "नाही." बाई हरभरे गोळा करायला लागली. एक दाणा घरंगळत खाली पडला, तर वाकून तोही उचलला.

तेव्हा मी उभा राहिलो. "मी उतरलो नव्हतो. जीपमधून पाहिलं. मला शंका होती, तरी लिहिलं."

अध्यक्ष हळूच म्हणाले, "शिकलेल्यांचं असंच असते." साहेबांनी कागदावरून मान वर केली नाही. मला धीट म्हणावं असं त्यात काही नव्हतं. त्या बाईचं एकटीचं सगळं बोलून झालं, त्यानंतर मी बोललो. बाहेर तिला काही म्हणावं म्हणून मागे गेलो, तर ती तोवर रस्त्याला लागली होती.

साहेब स्वतः जाऊन वावर फिरून आले. ते चार एकर यादीतून निघाले आणि गावठाण टेकाडाच्या बाजूनं वाढलं. त्यानंतर समितीत ठरलं की पाहणी पायी करायची, आणि पावसाळ्यात मोकळं दिसलेलं वावर दिवाळीनंतर पुन्हा पाहिल्याशिवाय पडीक लिहायचं नाही. मी समितीत होतो तोवर हा नियम पाळला गेला.