रिकाम्या लॅपटॉपवाला

चष्म्याच्या काचा विकत गावोगाव फिरणारा हा माणूस स्वस्थ बसलेला कुणी पाहिला नाही. बाकावर टेकला तरी त्याचा एक पाय नाचत असतो, आणि दाराला कडी घातली तरी हात पुन्हा कडीकडे जातो. धंद्यातले सोबती त्याला डबलकडी म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि तोही निमूट ओ देतो.

एका हातात काचांच्या नमुन्यांची पेटी, खांद्याला स्वस्तातला एक लॅपटॉप. झाकणाचा कोपरा उडालेला, पडद्यावर आडवी रेघ. आत मात्र काही म्हणजे काही नाही. ना फोटो, ना पत्रं, ना घरचा एखादा कागद. स्टँडवरच्या फुकट वायफायला जोडायचा तो हाच. दुकानदारांच्या ऑर्डरींपुरता त्यावर वेगळा ईमेल, आणि रविवार आला की सगळं पुसून साफ. पीक निघाल्यावर रान नांगरून मोकळं ठेवावं, तसा तो त्याला मोकळा ठेवायचा.

हे वेड उगीच लागलं नव्हतं. मागे एकदा कुणीतरी त्याच्या ईमेलमध्ये शिरलं आणि 'मी परक्या मुलखात अडकलोय, मदत करा' अशी पत्रं त्याच्या नावाने सगळ्या गोतावळ्याला गेली. त्याच्या शाळेचे म्हातारे मास्तर रडत घरी आले, तर हा ओसरीवर दाढी करत बसलेला. चोर कुठून शिरला ते शेवटपर्यंत कळलं नाही, पण याने स्टँडवरच्या वायफायवर संशय धरला तो धरलाच. घरचा चांगला लॅपटॉप तेव्हापासून उंबऱ्याबाहेर पडला नाही.

"भाऊजी, या रिकाम्या डब्याला एवढं काय जपता?" मोठी मेहुणी विचारायची. गुडघे दाखवायला म्हणून ती बहिणीकडे आली होती. गुडघे बरे होऊन चालायला लागले, पण ती काही जायला निघाली नाही.

"ताई, रिकामा आहे म्हणूनच नेतो. चोर आत शिरला तरी हात हलवत परत जाईल."

"मग घरचा द्या, मी मालिका बघते."

ती खरंच रोज बघू लागली. पडद्यावर बोटांचे ठसे उमटले, कळांमध्ये शेंगदाण्याची सालं सापडली. याच्या जिवाची नुसती तगमग. एके दिवशी दात-ओठ खात त्याने घरच्या लॅपटॉपचा पासवर्ड बदलला आणि बायकोलासुद्धा सांगितला नाही.

त्यानंतरची ही गोष्ट. दुपार कलली होती. बस लागायला अवकाश होता. स्टँडच्या हॉलमध्ये पंखा कुरकुरत होता आणि बाकांवर माणसं पोत्यांसारखी खेटून बसली होती. एवढ्यात मुलीचा फोन आला. तिचा आवाज रडका होता.

"बाबा, नव्या कॉलेजात प्रवेशाला शाळेचा दाखला मागताहेत. पाचला खिडकी बंद होते. नाही दिला तर माझी जागा पुढच्या मुलीला."

"मूळ दाखला?"

"तो जुन्या कॉलेजात जमा आहे, विसरलात? नक्कल तुमच्या लॅपटॉपमध्ये आहे ना?"

होती. पण घरच्या. त्याने खांद्यावरची पिशवी चाचपली. ज्या रिकामेपणाचा आजवर तोरा मिरवला, तो आता नुसता ओझं होऊन लोंबत होता. घर बसने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. उठला, बसला, पुन्हा उठला. पेटीतल्या काचा किणकिणल्या. मग त्याने बायकोला फोन लावला.

"अहो, मला त्यातलं काय कळतंय? थांबा, ताईला देते."

"ताईला नको!" तो ओरडला, पण तोवर पलीकडे मेहुणी आली होती.

"हं, बोला. पासवर्ड मागतोय हा. काय टाकू?"

त्याने फोन तळहाताने झाकला. हळू आवाजात, एकेक अक्षर सुटं करून सांगायला लागला. सुटी अक्षरं तिच्या ध्यानात येणार नाहीत, अशी वेडी आशा. पण बाहेर बसचा भोंगा, आत पोरांचा कालवा.

"डी की बी? भाऊजी, तोंडात सुपारी धरल्यासारखं काय बोलता? सरळ शब्द सांगा. पोरगी तिकडे खोळंबलीय!"

घड्याळाचा काटा पाचकडे सरकत होता. डबलकडीने डोळे मिटले, आणि जन्मभर ज्याने या कानाचं त्या कानाला कळू दिलं नाही तो भर हॉलमध्ये मोठ्याने म्हणाला, "ताई कधी जाणार!"

शेजारच्या बाईचा पाण्याचा घोट तोंडातच राहिला. खिडकीवरचा तिकीटवाला मान वळवून बघू लागला. पलीकडे शांतता. एवढी शांतता त्या घरात मेहुणी आल्यापासून झाली नव्हती.

मग कळांचा टकटक आवाज आला. एकेक, सावकाश.

"उघडला," ती म्हणाली. आवाजात ना राग, ना हसू. "दाखला कुठंय?"

त्याने जागा सांगितली. तिने पाठवला आणि फोन ठेवून दिला.

पुढचा वेळ त्याने येरझाऱ्यांत काढला. दाखला पोचला असेल का, हा एक घोर. आता घरी कोणत्या तोंडाने जायचं, हा दुसरा. बस लागली, भरली, निघून गेली. याचा पाय काही उचलेना.

पुन्हा फोन वाजला. "बाबा, घेतला! जागा पक्की झाली!"

तो मटकन बाकावर बसला. मग दबक्या आवाजात विचारलं, "मावशी काही म्हणाली?"

"मावशीनेच तर कॉलेजच्या खिडकीवरच्या बाईंशी फोनवर बोलून त्यांना थांबवून धरलं. नाहीतर बंदच करत होत्या." पोरगी जरा घुटमळली. "आणि तुम्हाला सांगायला सांगितलंय, पासवर्ड बदलून घ्या. आता तो सगळ्या स्टँडला ठाऊक झालाय. आणि त्यातल्या प्रश्नाचं उत्तर म्हणे, 'पोरीला वसतिगृहात सोडून आले की जाईन.'"

शेजारच्या बाईने पिशवी सरकवून त्याला ऐसपैस जागा करून दिली. डबलकडी मात्र उठला. पुढची बस कधी लागते ते विचारायला तो खिडकीकडे निघाला, आणि तिकीटवाल्याने तोंड उघडण्याआधीच कानांपर्यंत लाल झाला.