नसलेला नववा कप्पा

हे मी आजवर कोणालाच बोललो नाही. बायको गेली — तिलाही नाही.

मी चौथी शिकलेला. पंपाच्या जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळून त्या पुन्हा बांधतो. आमच्या केशोरी गावात माझ्या कामाला कोणी नाव ठेवलं नाही, आणि ठेवू दिलंही नसतं.

सून सुनंदा डिप्लोमावाली. तिनं बियाण्याचं धान वाळवायचं यंत्र केलं — आठ कप्पे, प्रत्येकात ताप मोजणारी तार. सरासरी ताप वाढला की हिटर बंद. त्याचा सी भाषेतला प्रोग्राम मलाही शिकवला. म्हणाली, "मामाजी, धान मोजताना तुम्ही 'एक' नाही म्हणत, 'लाभ' म्हणता ना? तसं इथं पहिला कप्पा शून्य. शून्य ते सात — झाले आठ."

"समजलं," म्हटलं. समजलं होतं का? आठ वस्तू असल्या की जन्मभर माझी मोजणी लाभापासून सुरू होऊन आठावर संपली. प्रोग्राममधली तिची मोजणीची फेरी आठाच्या आतच, सातावर थांबे. मला वाटलं, पोरगी शेवटचा कप्पा विसरली. विचारता आलं असतं — पण सासऱ्यानं सुनेला विचारायचं?

ती माहेरी गेली तेव्हा मी 'आठपेक्षा कमी'च्या खुणेला बरोबरचं चिन्ह जोडलं. पडद्यावर इशाऱ्याची पिवळी ओळ आली. तिनं बजावलं होतं, "पिवळी ओळ दिसली का थांबाचं, मामाजी." इंग्रजी मला वाचता येत नाही. पिवळा रंग तर दिसतो ना? मी तसंच यंत्रात भरलं.

नववा कप्पा नव्हताच. यंत्रानं त्या जागेचा शून्याखालचा भलताच आकडा उचलला, सरासरी पडली, हिटर चालूच राहिला. धान दिसायला चांगलं — आतून मेलेलं. ते बियाणं पेरलेल्या पाच घरांचे पऱ्हे, म्हणजे लावणीची रोपं, उगवलेच नाहीत.

शेजारीण अंगणात येऊन ओरडली, "कायले पाह्यजे होता कम्पुटर? उन्हात वाळत नोहोतं का धान?" मी खाटेवर होतो.

आणि खरं पाप पुढंच आहे. सुनंदा तपासायला बसण्याआधी मी ते चिन्ह खोडलं, यंत्रातही पुन्हा भरलं. तिनं दोन दिवस शोधलं. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "प्रोग्राम तं बरोबर आहे, मामाजी. तारा मीच चुकवल्या असन."

मी म्हटलं, "असन."

यंत्र पोत्यात बांधून माळ्यावर गेलं. आता ती माझ्या मोटारींची तार गुंडाळते. प्रत्येक वेढा दोनदा मोजते, मोठ्यानं, एकापासून. तिचा एकही वेढा चुकत नाही. मी समोर बसून ऐकत असतो.