खडूची रेघ

तुमच्या गाडीत किती हवा भरायची, हे कोण ठरवतं? आमच्या मालकानं राजगुरुनगरहून कामगार आणणाऱ्या टेम्पोला मोठी चाकं बसवली आणि डिझेल वाचवायला हवा ठासून भरवली. टेम्पो शेरडासारखा उड्या मारू लागला, तेव्हा आम्ही तो मोशीजवळच्या पंक्चरवाल्या चाचांपाशी थांबवला.

चाचा कानावर खडू खोचून बसायचे आणि टायरला कलिंगडासारखी थाप मारून ऐकायचे. आम्ही उतरायला लागलो तसे ते ओरडले, "उतरू नका रे, बसा सगळे! तुमच्या वजनासकटच बघायचंय." त्यांनी टायरवर खडूची आडवी रेघ ओढली आणि टेम्पो चार हात पुढे घ्यायला लावला. रेघ फक्त मधोमध पुसली होती.

"बघा राव, चाक नुसतं मधल्या पट्टीवर चाललंय. ब्रेक दाबला की घसरणार."

ड्रायव्हर कुरकुरला, "हवा काढली तर मालक रागावतील."

"मग त्यांना आणून मागं बसव. परत रेघ मारतो."

आम्ही अठरा जण खदखदून हसलो. रेघ कडेपर्यंत पुसली जाईस्तोवर चाचा हवा काढत राहिले.

मित्रांनो, उद्या कंपनीच्या गाडीत चढताना खिशात खडू ठेवा, आणि सगळे बसल्यावरच रेघ ओढायला लावा.