तात्यांचं ‘व्हय म्हाराजा’

आमच्या गावात गुरव देवापुढे गाऱ्हाणं घालतो, तेव्हा दर वाक्याला जमलेल्या सगळ्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं असतं. गप्प राहिला तो मनात पाप असलेला.

परवा सुंदराकाकीने नारळ ठेवला. बाई एकटी, विधवा. तिची विहिरीची वाट शेजारच्या तात्यांनी दगडांचा गडगा घालून बंद केली आहे. गावात सगळ्यांना ठाऊक, बोलत कुणी नाही. तात्या पहिल्या रांगेत हात जोडून उभे होते.

गुरवाने नेहमीच्या सुरात हाळी दिली, “जेना कोणी हिची वाट अडवल्यान, तेका पाण्याच्या थेंबाक मोताद कर रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” गाव गरजलं. मी तात्यांच्या ओठांकडेच बघत होतो. हलले. न हलवून जातात कुठे!

काकी शांतपणे म्हणाली, “आता तोच बघतलो.” तिने सगळं देवावर सोडलं होतं. देव दयाळू असतो म्हणतात. असेल. मला त्या क्षणी दयाळू देव नको होता. काकीचं ऐकलेला देव हवा होता.

सगळे थांबल्यावर मी एकट्यानेच पुन्हा ओरडलो, “व्हय म्हाराजा!”

तात्यांनी वळून पाहिलं. मी हात जोडलेलेच ठेवले.