काढलेल्या पत्त्यावरून आलेलं उत्तर

इस्पितळात सगळे तिला वायरबाई म्हणायचे. तोंडावर म्हणायचे, आणि तिलाही त्याचं काही वाटायचं नाही. तळमजल्यावर एक्स-रेच्या मागे एक थंडगार खोली होती. तिथे लोखंडी कपाटात सर्व्हर आणि दिवसभर पंख्यांची घरघर. हे तिचं राज्य. तिची धाकटी बहीण वर पुरुषांच्या वॉर्डात नर्स होती. "साऱ्या इस्पितळाची सिस्टर असशील, पण माझ्यासमोर तू शेंबडीच," असं वायरबाई तिला चिडवायची.

पूर्वी ती खोली आणि जिन्याखालची खोली मिळून तीन-चार सर्व्हर होते. एकात प्रयोगशाळेचे रिपोर्ट, एकात औषधांचा साठा, एकात भरती झालेल्यांची नोंद. संगणकांच्या जाळ्यात प्रत्येकाचा पत्ता वेगळा. वॉर्डातल्या स्क्रीनमध्ये आणि रक्त तपासायच्या यंत्रांमध्ये ते पत्ते बसवणाऱ्या कंपनीनेच कायमचे घालून ठेवले होते, आणि ती कंपनी केव्हाच गाशा गुंडाळून गेली होती. पुढे जुने सर्व्हर एकेक करून बाद केले आणि त्यांच्या जागी एकच नवा आला. स्क्रीन मात्र जुन्याच पत्त्यांवर हाका मारत राहणार. म्हणून वायरबाईने नव्या सर्व्हरच्या एकाच नेटवर्क कार्डाला, त्याच्या स्वतःच्या पत्त्याशिवाय, गेलेल्या सगळ्यांचे पत्तेही देऊन टाकले. एकाच दारावर चार पाट्या लावाव्यात तसं. कुठल्याही नावाने हाक आली तरी ओ देणारा तोच.

हे सरळ चाललं. वर्षभर कोणाला पत्ताही लागला नाही की खाली एकच सर्व्हर सगळ्यांचं काम ओढतोय.

एका दुपारी धाकटीचा फोन आला.

"ताई, तुझ्या स्क्रीनचं डोकं फिरलंय. एका पेशंटचा रिपोर्ट उघडला तर नावच सापडेना. कालच भरती झालाय तो. पुन्हा उघडला तर आला."

"वायर हलली असेल."

"आणि खाटेवर नसलेलाच माणूस दाखवतोय. त्याला घरी जाऊन वर्ष झालं असेल."

वायरबाईने सर्व्हर तपासला. सगळं ठीक. रिपोर्ट जागच्या जागी, ताजे. तिने खुर्चीतून उठून कपाटाचं दार उघडलं, वायरी चाचपल्या, पुन्हा बसली. खोलीत गारवा नेहमीचाच होता, तरी तिने ओढणी खांद्यावरून घट्ट ओढून घेतली.

मग तिच्या मनात एक गोष्ट आली. रिपोर्टवाला जुना पत्ता तिने कार्डावरून काढून टाकला. फक्त तेवढाच एक. आता त्या पत्त्यावर कोणीच नसायला हवं होतं. तिने आपल्या संगणकावरून त्या पत्त्याला हाक मारली.

उत्तर आलं.

तिने पुन्हा मारली. पुन्हा आलं, लगेच, शांतपणे, जणू तिथे बसलेलं कोणी वाटच बघत होतं.

जाळ्याचा नियम साधा असतो. कोणी विचारतं, हा पत्ता कोणाचा, आणि ज्याचा असेल तो म्हणतो, माझा. दोघे म्हणाले तर विचारणाऱ्याला जो आधी ऐकू येईल त्याचं खरं. म्हणजे काही स्क्रीन तिच्या सर्व्हरशी बोलत होते आणि काही दुसऱ्याच कोणाशी तरी. कुठले स्क्रीन, केव्हापासून, हे सांगायची सोय नव्हती.

तिने विभागाच्या साहेबांना फोन लावला. साहेब माणूस वाईट नव्हता, पण फोनवर त्याचा आवाज नेहमी बैठकीतून बाहेर आल्यासारखा दबका असायचा.

"मला सगळे स्क्रीन बंद करायचेत," ती म्हणाली. "आत्ता."

"सगळे? अगं, ओपीडी भरलीय. बैठक संपू दे, मी येतो."

"कोणीतरी जुने रिपोर्ट दाखवतंय, साहेब."

"तेवढं सोडून बाकीचं चालतंय ना? मग थांब जरा."

तिने फोन ठेवला. मग उठून वॉर्डांकडे जाणारी मुख्य वायर तिने उपटून काढली, आणि टेलिफोन ऑपरेटरला सांगितलं, सगळीकडे कळव, स्क्रीनवर पाहिलेला कुठलाही रिपोर्ट खरा धरू नका, प्रयोगशाळेतून हाताने लिहून आणा. इस्पितळात एकदम गलका उठला. तिच्या खोलीचं दार कोणीतरी ठोठावून गेलं. तिने उघडलं नाही. उत्तर कुठल्या वायरीतून येत होतं ते ती शोधत होती.

ती वायर जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीत जात होती. गळतीमुळे तिथली वीज तोडलेली होती. नवं फिजिओथेरपीचं दालन करायचं म्हणून इलेक्ट्रिशियनने ती परत जोडली होती. मोडक्या खाटांच्या मागे रिपोर्टचा जुना सर्व्हर उभा होता. हिरवा दिवा लागलेला, पंखा चालू. भंगारात काढायची परवानगी आली नव्हती, आणि त्याची वायर भिंतीतून कोणी सोडवलीच नव्हती. वीज आली तसा तो उठून बसला होता आणि विचारेल त्याला जुने रिपोर्ट दाखवत होता.

तिने त्याच्या वायरी उपटल्या. तरी तिथून पाय निघेना. त्या काळोखात उभी असतानाच धाकटी धावत आली.

"ड्रायव्हरकाकांना आयसीयूत नेलंय," ती म्हणाली.

ड्रायव्हरकाका म्हणजे इस्पितळाची रुग्णवाहिका चालवून निवृत्त झालेले. सगळे त्यांना ओळखत. गेल्या वर्षी ते भरती होते तेव्हा त्यांच्या रक्तात पोटॅशियम कमी होतं. या खेपेला मूत्रपिंडं थकली होती आणि ते जास्त होतं; फार वाढलं की हृदय थांबू शकतं. वायर उपटण्याआधी डॉक्टरांनी स्क्रीनवर पाहिलं ते गेल्या वर्षीचं. त्यांनी सलाईनमधून पोटॅशियम द्यायला सांगितलं. लावलं धाकटीने.

"मी तारीख बघितली नाही गं," ती म्हणाली. "तारीख कोण बघतं?"

संध्याकाळी ड्रायव्हरकाका गेले. कागदावर हृदय बंद पडल्याचं लिहिलं गेलं, आणि ते खोटं नव्हतं. त्यांचं हृदय आधीपासूनच कमजोर होतं.

त्यांच्या बायकोने वॉर्डाबाहेरच्या बाकापाशी वायरबाईला गाठलं. कोणीतरी तिच्याकडे बोट दाखवलं असणार.

"स्क्रीनचं तुम्ही बघता ना? नेमकं काय झालं?"

साहेब जरा लांब उभे होते. त्यांनी मान हलवली, नको म्हणून. वायरबाई बाकावर बसली आणि तिने सगळं सांगितलं, वीज कशी आली इथपासून. शेवटी काकूंनी विचारलं, "आणि किती जणांना दिसला असेल असा जुना रिपोर्ट?"

ते वायरबाईला माहीत नव्हतं. अडगळीच्या खोलीत वीज नेमकी कधी आली हे इलेक्ट्रिशियनलाही धड आठवत नव्हतं. आठवडा झाला असेल, म्हणाला, किंवा जास्त.

चौकशी बसली. साहेबांनी तिथे खाली मान घालून कबूल केलं की थांब असं मीच म्हणालो होतो. पण त्याआधी एक काम होतं, आणि ते दोघी बहिणींनी अंगावर घेतलं. त्या दिवसांत घरी सोडलेल्यांपैकी प्रत्येकाला फोन करायचा, खऱ्या रिपोर्टशी ताडून बघायचं, औषध बदलायचं असेल तर सांगायचं. वायरबाई रिपोर्ट वाचायची, धाकटी बोलायची. बहुतेकांचं सगळं ठीक निघालं. एका बाईंना गोळ्या ताबडतोब थांबवायला सांगितल्या. एक म्हातारे गृहस्थ उगाच घाबरले, त्यांची समजूत घालावी लागली.

काही नंबर लागले नाहीत. धाकटी ते पुन्हा पुन्हा फिरवत राहिली. एक तर रोज वाजायचा, पूर्ण वाजून आपोआप बंद व्हायचा.

"गावाला गेले असतील," वायरबाई म्हणाली.

धाकटीने तिच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा नंबर फिरवला.